प्रवाळाच्या थरांत भूकंप शोधताना: दादरच्या चार रविवारांच्या वर्गाविषयी

दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार रविवार चाललेल्या एका वर्गाविषयीचा हा अभिप्राय आहे. प्रवाळांच्या वाढीत उमटलेल्या नोंदींवरून पूर्वीचे भूकंप आणि पूर्वीची समुद्रपातळी कशी शोधतात, हा वर्गाचा विषय होता. शुल्क २,४०० रुपये आणि शिकवण्याची भाषा मराठी. माझी सगळी नोकरी सर्वेक्षणात गेली. डंपी लेव्हल (पातळी पाहायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन छत्तीस वर्षे पातळ्या काढल्यामुळे, अमुक बेट एक मीटर वर आले असे कोणी म्हटले की कशाच्या मानाने वर आले आणि बेंचमार्क, म्हणजे मोजणीचा ठरलेला स्थिर बिंदू, कोणता धरला, हाच प्रश्न माझ्या मनात आधी येतो. त्या प्रश्नासाठीच मी नाव नोंदवले होते. तो प्रश्न तिथे टाळला गेला नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. तक्रारीही आहेत, त्या ओघात येतील.

पहिली तक्रार जाहिरातीची आहे. 'मुंबईला भूकंपाचा धोका किती? प्रवाळ सांगणार!' असा मजकूर असलेले चित्र व्हॉट्सॲपवर फिरत होते. वर्गात असे काही सांगितले गेले नाही आणि सांगता येण्यासारखेही नव्हते. शिकवणाऱ्या बाई भूविज्ञानाच्या अभ्यासक आहेत. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच स्पष्ट केले की ही पद्धत सुमात्राच्या पश्चिमेकडील बेटांसारख्या ठिकाणी चालते, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आणि वरच्या बेटांच्या काठावर उथळ पाण्यात मोठे प्रवाळ वाढतात. मुंबईसाठी आठवायचा असेल तर १९४५ च्या नोव्हेंबरमधला, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याचा भूकंप आठवावा, ज्याच्या त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या; पण त्या किनाऱ्याच्या उचलण्याचा पुरावा प्रवाळांत नव्हे, तर समुद्राने कोरलेल्या आणि नंतर वर आलेल्या पायऱ्यांमध्ये शोधतात, असे त्या म्हणाल्या. एक गृहस्थ चहाच्या सुट्टीत शुल्क परत मागायला गेले आणि पुढच्या रविवारी दिसले नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. चित्र तयार करणाऱ्याने बाईंना एकदा विचारले असते तरी पुरले असते.

पहिल्या रविवारचा अर्धा वेळ पोवळ्यात गेला. अंगठीत मंगळासाठी घालतात ते लाल पोवळे आणि हे प्रवाळ एकच का, हा प्रश्न तीन जणांनी तीन प्रकारे विचारला. दागिन्यांतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते, ते खोल पाण्यातले आहे आणि प्रवाळभित्ती बांधणाऱ्या कुळातले नाही, हे बाईंनी तिन्ही वेळा न चिडता सांगितले. त्यानंतर मात्र विषय नीट मार्गी लागला. पोराइट्स नावाचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्याच्या चुन्याच्या सांगाड्यात ऋतूंप्रमाणे घट्ट आणि सच्छिद्र अशी थरांची जोडी तयार होते. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष, याची खातरजमा १९७२ मध्ये झाली. प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर अमेरिकेने केलेल्या अणुचाचण्यांमधला किरणोत्सारी अंश तिथल्या प्रवाळांच्या सांगाड्यांत अडकला होता. चाचण्यांची वर्षे माहीत असल्यामुळे थर मोजून ताळा घेता आला. बाँबचा असा उपयोग झाल्याचे मला ठाऊक नव्हते.

पातळीचा मुद्दा यापुढचा आहे. प्रवाळाचे जिवंत कवच फार वेळ हवेत उघडे पडले तर मरते, म्हणून उथळ पाण्यातला प्रवाळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपासच्या एका मर्यादेपर्यंतच वर वाढतो. तिथे पोचला की त्याचा माथा मरतो आणि सपाट राहतो, बाजू मात्र पाण्यात जिवंत राहून बाहेरच्या बाहेर वाढत जातात. अशा चपट्या, कडेने जिवंत असलेल्या प्रवाळाला मायक्रोॲटॉल म्हणतात. बाईंनी त्याला ओढूनताणून संस्कृत नाव दिले नाही, हे मला आवडले. जमीन हळूहळू खचत गेली तर पाणी वर आल्यासारखे होते आणि कड वर चढत जाऊन प्रवाळाला परातीचा आकार येतो. जमीन एकाएकी उचलली गेली तर वरचा भाग मरतो, खालची पट्टी तेवढी जगते आणि तिथून पुढची वाढ नव्या, खालच्या पातळीवर सुरू होते. मधल्या उंचवट्याभोवती पसरलेली ती कड टोपीच्या काठासारखी दिसते. म्हणजे हा प्रवाळ स्वतःच स्टाफ आहे, आणि त्यावरचे वाचन समुद्र दरवर्षी करून ठेवतो.

तिसऱ्या रविवारी पैसे वसूल झाले. दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे, म्हणून खरा तुकडा टेबलावर येणार नव्हता. त्याऐवजी प्रत्येकी एक क्ष-किरण छायाचित्राची मूळ आकारातली छापील प्रत, ट्रेसिंग पेपर, भिंग आणि टोकदार पेन्सिल देण्यात आली. प्रत्यक्ष ठिकाणी ओहोटीच्या वेळी चेन सॉने मायक्रोॲटॉलचा केंद्रापासून काठापर्यंत उभा काप काढतात आणि त्याचे क्ष-किरण छायाचित्र घेतात. आमच्या हातात त्याचीच प्रतिमा होती. छायाचित्राच्या कोपऱ्यात ठिकाणाचे नाव असलेला भाग कात्रीने कापलेला होता. का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "उत्तर आधी कळलं की माणूस थर मोजत नाही, उत्तरापर्यंत थर ओढत नेतो." माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या साहेबांनी फील्डबुक तपासताना जवळपास हेच सुनावले होते, फक्त भाषा इतकी सभ्य नव्हती.

मग दीड तास आम्ही मोजत होतो. केंद्राजवळ थर गोलाईने माथ्यावरूनही सलग जातात, कारण तेव्हा प्रवाळ पुरेसा खोल होता. थोडे बाहेर आल्यावर माथा एका रेषेत कापल्यासारखा संपतो आणि त्यापुढचे थर, करंजीच्या काठाला मुरड घालावी तसे, मेलेल्या कडेवरून आत वळलेले दिसतात. माझी बेरीज ४१ आली, शेजारच्या शिक्षिकेची ४३ आणि बाईंची स्वतःची ४२. त्यातला एका वर्षाचा फरक कुठे पडला तेही सापडले. एका वर्षात दोन बारीक काळ्या रेषा जवळजवळ आल्या होत्या, त्या मी एक धरल्या आणि शेजारणीने दोन. कोण बरोबर हे बाईंनी ठरवले नाही. अधिक-उणे एक वर्ष लिहा आणि पुढे चला, असे त्या म्हणाल्या आणि तो अधिक-उणे आकडा वहीत लिहून झाल्याशिवाय कोणालाही पुढे जाऊ दिले नाही.

सर्वांत बाहेरचा थर मार्च २००५ चा आहे, एवढे नंतर सांगण्यात आले. त्यावरून ठिकाण कोणालाही ओळखता आले असते, कारण २८ मार्च २००५ रोजी सुमात्राच्या पश्चिमेकडील नियास आणि सिमेलू या बेटांखाली ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नियासचा पश्चिम किनारा काही ठिकाणी तीन मीटरच्या जवळपास उचलला गेला. एवढ्या उचलीत प्रवाळ सगळाच पाण्याबाहेर येतो आणि मरतो. अशा प्रवाळावरून जमीन निदान किती वर आली एवढेच सांगता येते, नेमकी किती ते नाही. कोणत्याही पट्टीवर शेवटच्या खुणेच्या पलीकडचे वाचन होत नाही, हे सर्वेक्षकाला वेगळे शिकवावे लागत नाही. पण वर्गातल्या इतरांना ते पटवायला बाईंनी वीस मिनिटे दिली आणि ती वाया गेली नाहीत.

खरा डाव त्यानंतरचा होता. बाहेरून आत मोजत गेल्यावर आठव्या थराशी आणखी एक माथा मेलेला दिसत होता, पण उतार काही सेंटिमीटरचाच होता. आम्ही बहुतेकांनी तिथे लाल पेन्सिलीने 'भूकंप' लिहिले. ते वर्ष १९९७ निघाले. त्या वर्षी हिंदी महासागरात मोठे द्विध्रुव तयार झाले होते, म्हणजे पूर्वेकडचे पाणी थंड पडून सुमात्राजवळ समुद्राची पातळीच काही महिने खाली गेली होती. जमीन जागची हलली नव्हती, तरीही प्रवाळ मेला होता. हे ओळखायचे कसे, तर शेजारच्या बेटांवरून. समुद्र खाली गेला तर शेकडो किलोमीटर अंतरावरच्या प्रवाळांच्या माथ्यांवर एकाच हंगामात जवळपास सारखाच उतार दिसतो. भूकंपात मात्र एका बेटावर मीटरभर, पुढच्यावर अर्धा मीटर आणि तिसऱ्यावर उलट खचलेली जमीन असा हिशेब लागतो. २००५ मध्येही नियास वर आले, तर सुमात्राच्या बाजूची बान्याक बेटे खचली. प्रवाळाला भूकंप कळत नाही, त्याला फक्त पाणी कळते. आमची लाल अक्षरे खोडताना रबराचा तुटवडा पडला, कारण पंधरा जणांत दोनच रबरे होती.

दुसऱ्या रविवारचे व्याख्यान माहितीने भरलेले होते, पण सगळ्या स्लाइड इंग्रजीत होत्या, आणि मराठी वर्गाचे शुल्क भरलेल्या माणसाला ते खटकते. अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेचे केरी सीह आणि इंडोनेशियाचे डॅनी नटाविजाया या भूवैज्ञानिकांनी सुमात्राच्या पश्चिमेकडील मेंतावाई बेटांवर केलेले काम बाईंनी तपशिलात सांगितले. दोन मोठ्या भूकंपांमधल्या काळात खालचा भूपट्ट वरच्या बेटांना आपल्याबरोबर दरवर्षी थोडेथोडे खाली ओढतो, म्हणून प्रवाळाची कड दशकानुदशके वर चढत जाते. मग एका दिवशी अडकलेला भाग सुटतो, बेटे उसळतात आणि माथे मरतात. १७९७ आणि १८३३ चे भूकंप अशाच मेलेल्या माथ्यांत सापडले. मेंतावाईच्या सुमारे ७०० वर्षांच्या नोंदीतून असे दिसले की तिथले मोठे भूकंप साधारण दोनशे वर्षांच्या अंतराने येतात, पण एकटे येत नाहीत, काही दशकांत एकामागून एक येतात. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सप्टेंबर २००७ चा ८.४ तीव्रतेचा भूकंप हा नव्या मालिकेचा आरंभ असावा, असे त्यात मांडले होते.

वय ठरवण्याची रीत त्यांनी फार सोपी करून सांगितली. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेले असते, थोरियम जवळजवळ नसतेच. म्हणून सांगाडा तयार होताना त्यात युरेनियम शिरते आणि थोरियम शिरत नाही. पुढे त्यात जे थोरियम-२३० सापडते ते युरेनियमच्या क्षयातून आलेले असते, आणि त्याचे प्रमाण म्हणजे उलटलेला काळ. चांगल्या नमुन्यात अशा वयातली चूक काही वर्षांपुरती असते. चिखल शिरलेल्या नमुन्यात ती वाढते, कारण चिखलाबरोबर बाहेरचे थोरियम येते. छत्तीस वर्षांच्या अंतराने आलेले दोन भूकंप वेगळे काढायचे तर नुसत्या रसायनावर भागत नाही. एकाच प्रवाळातले मधले थर मोजावे लागतात आणि सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या पाडांग शहराकडच्या जुन्या लेखी नोंदीही पाहाव्या लागतात.

त्या दिवशीची मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट सिमेलूची आहे. तिथल्या मायक्रोॲटॉलांच्या कडेचा चढ १८२९ च्या सुमारास एकाएकी बदलतो, म्हणजे बेट पूर्वीपेक्षा वेगाने खचू लागते, आणि ते १८६१ च्या मोठ्या भूकंपापर्यंत तसेच खचत राहते. भूपट्टांच्या सीमेवरच्या उथळ भागात बत्तीस वर्षे चाललेले, कोणालाही न जाणवणारे हे सरकणे होते, असा अर्थ २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लावला आहे. उपकरणांनी पकडलेली अशी मंद सरकणी दिवसांत, महिन्यांत, फार तर काही वर्षांत संपतात. बत्तीस वर्षे चाललेले सरकणे पकडायला लागणारे उपकरण १८२९ मध्ये कोणी बसवले असते? ते आधीच पाण्यात उभे होते.

माझी इथली तक्रार अशी की अंदमान-निकोबारला या सगळ्यात पाचच मिनिटे मिळाली. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि इंटरव्ह्यू बेटाजवळ प्रवाळांचे पट्टे पाण्याबाहेर येऊन मेले, तर ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटरच्या आसपास खचले आणि तिथले दीपगृह पाण्यात उभे राहिले. आपल्याच देशाच्या एका द्वीपमालेचे एक टोक वर आणि दुसरे खाली, एवढे स्पष्ट उदाहरण हाताशी असताना त्यावर एक पूर्ण तास द्यायला हरकत नव्हती.

चौथ्या रविवारची सहल फसली, आणि समुद्रपातळीच्या वर्गाची सहल ओहोटी चुकल्यामुळे फसावी याला काय म्हणावे! हाजी अलीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ दाखवायचे ठरले होते. दादरहून सहाला निघणारी बस हजेरी आणि नाश्त्याच्या पुड्यांच्या वाटपात सात वाजून दहा मिनिटांनी निघाली. खडकांवर पाय ठेवला तेव्हा आठ वाजत आले होते. आमच्यात वरळी कोळीवाड्यातले एक काका होते, तीन रविवार मागच्या बाकावर शांत बसलेले. ते म्हणाले, "मॅडम, आज पडवा आहे. पडव्याला पाऊणची भरती. म्हणजे सातला पाणी तळाला होतं, आता ते वळलं." तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, आणि आयोजकांच्या छापील कार्यक्रमापेक्षा तो बरोबर निघाला. बाई म्हणाल्या, "काका, हे आधी सांगायचं ना." त्यावर काका म्हणाले, "विचारलं कुठं कोणी?"

वीस-पंचवीस मिनिटे मिळाली. तेवढ्यात एका डबक्याच्या कडेला हाताच्या पंजाएवढा, करडा, बारीक बहुकोनी खणांचा एक प्रवाळ पाहता आला. शेजारीच मऊ बटणांची दाटी असावी तसे हिरवट झोअँथिड होते. ते प्रवाळांचे नातलग, पण त्यांना दगडी सांगाडा नसतो, त्यामुळे मागे नोंदही उरत नाही. किनारी रस्त्याच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, याच परिसरातल्या काही प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवल्या होत्या, हे तिथे उभे राहून ऐकताना रस्ता समोरच दिसत होता. वास्तुकला शिकणाऱ्या एका मुलीने विचारले की मग विजयदुर्गसमोरच्या आंग्रे बँक या समुद्रात बुडालेल्या पठारावर मायक्रोॲटॉल का शोधत नाहीत. तिथला सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर खोल आहे, ओहोटीची हवा त्या प्रवाळांना कधी लागतच नाही, म्हणून पातळीची नोंद तिथे होत नाही, हे उत्तर तिला स्वतःलाच वाक्याच्या मध्यावर सुचले. तोवर आमच्या चपला भिजल्या होत्या.

परत आल्यावर जुन्या समुद्रपातळीचा भाग चाळीस मिनिटांत उरकला गेला. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याबाहेर छिद्रे घेऊन काढलेल्या प्रवाळांवरून, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, हे १९८९ मध्ये फेअरबँक्स या संशोधकांनी दाखवले. तिथला अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा हा प्रवाळ मुख्यतः पृष्ठभागापासून पाचेक मीटरच्या आत वाढतो, म्हणून तो जिथे सापडला त्याच्या जरा वरच तेव्हाचे पाणी होते असे धरता येते. सोबतच्या पुस्तिकेत मात्र १२० सेंटिमीटर छापले आहे. मी दाखवून दिल्यावर शुद्धिपत्र काढण्याचे आश्वासन मिळाले.

मुंबईचा धागा इथे जुळवता आला असता आणि तो सुटला, याची मला हळहळ वाटली. अपोलो बंदरची भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे आणि हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी ती एक आहे. भरतीमापकही जमिनीतच रोवलेला असतो, त्यामुळे त्याचा आकडा वाढला तर पाणी चढले की जमीन बसली, हा प्रश्न तिथेही उभा राहतोच. त्याच दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना ओहोटीच्या पातळीच्या खाली उभ्या झाडांचे बुंधे सापडले होते. मायक्रोॲटॉल नसलेल्या या शहराच्या पोटातही अशी नोंद आहे, आणि दादरपासून ती जागा अर्ध्या तासावर आहे. बाईंना मी हे सुट्टीत सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढच्या तुकडीत येईल असे वाटते.

जागेविषयी थोडक्यात सांगायचे तर लिफ्ट चारही रविवार बंद होती, चहा चांगला होता आणि पंखा पडद्यासमोर असल्याने स्लाइडवर त्याची सावली फिरत असे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी फोन करून विचारावे. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे आणि सहलीची तारीख ठरवताना त्या काकांना विचारले जाणार आहे, असे बाईंनी स्वतः सांगितले. जाणार असाल तर स्वतःचे भिंग आणि रबर घेऊन जा. तिथली भिंगे ओरखडलेली आहेत आणि सत्ताविसाव्या थराशी त्या दोन रेषा फारच जवळ आहेत.